अल्माझच्या आजीची माळ आणि द्वारकाबाई

द्वारकाबाई पटवेकर यांना मी नीटसा ओळखत नव्हतो. त्या जूनमध्ये गेल्या, तेव्हा शेजारच्या केशवरावांनी विचारलं, "तुमच्या ओळखीच्या होत्या ना?" मला हो म्हणायचा धीर झाला नाही. त्यांना मुलं किती, गाव कुठलं, काहीच ठाऊक नाही. आमची ओळख चार दिवसांची, तीही माझ्या चुकीमुळे झालेली. लिहायची मला सवय नाही, जमेल का हेही माहीत नाही.

आमच्या पुंडलिकनगरच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी व्याख्यान असतं. मी तिथं पुस्तकं लावायला जातो. फेब्रुवारीत अल्माझ नावाची इथिओपियाची मुलगी बोलणार होती. ती इथल्या विद्यापीठात इतिहासाचं संशोधन करते. विषय होता आफ्रिकेतली जुनी राज्यं आणि त्यांचा व्यापार. लोकांना दाखवायला तिनं आजीची अकीक खड्यांची माळ आणून दिली. लाल मणी, पाच पिढ्या आईकडून मुलीकडं आलेले. मण्यांचा क्रम बदलायचा नाही, असा त्यांच्या घरचा नेम. काचेच्या पेटीत ठेवताना माझ्या हातात दोरा तुटला आणि मणी फरशीभर झाले.

अल्माझ रागावली नाही. खाली बसून माझ्याबरोबर मणी वेचू लागली आणि हळूच म्हणाली, "क्रम फक्त आजीला पाठ होता." आजी चार वर्षांपूर्वी वारली होती. वाचनालयाचे सचिव विश्वजित म्हणाले, "काका, कसेही ओवून आणा. कोण बघतंय?" मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शहरातल्या छावणी भागात एका सराफाच्या पायरीवर द्वारकाबाई बसत. मंगळसूत्रं, गळ्यातल्या पोती दोऱ्यात गाठून द्यायच्या. गुरुवारी रुमालात मणी बांधून मी गेलो. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून त्या काम करत होत्या.

"कुणी तोडली?"

"मीच."

"बरं हाय, खरं बोलता. बाकीचे म्हणतात, आपोआप तुटली."

क्रमाचं सांगितलं, तेव्हा वाटलं, हसतील. त्यांनी दोन मणी उचलले, टोकाला टोक लावून बोटात फिरवले. म्हणाल्या, "नवरा-बायकोवाणी असतंय हे. वर्षानुवर्षं शेजारी राहून एकमेकाला घासतात. एकाला खळगा पडतो, दुसऱ्याला त्याच मापाचा उंचवटा येतो. जोडी जुळली की बोटाला कळतं. बसा."

तीन दिवस मी बसलो. त्या सुपात एकेक जोडी लावत गेल्या आणि अल्माझनं व्याख्यानासाठी दिलेल्या टिपणात वाचलेलं मी सांगत गेलो. तिच्या देशात डोंगरपठारावर अक्सुम नावाचं राज्य उभं राहिलं. तांबड्या समुद्रावर त्यांचं बंदर होतं. हस्तिदंत बाहेर जायचा. त्यांच्या राजांनी स्वतःची सोन्याची नाणी पाडली. पुढं पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेला, सोन्या-मिठाच्या व्यापारावर घानाचं राज्य मोठं झालं.

"आपल्याकडून काय न्यायचे?" त्यांनी विचारलं.

"कापड. पैठणकडचे रंगीत खडेही गाड्यांत भरून भडोचला जायचे आणि तिथून गलबतानं पुढं."

"म्हणजे आमचा धंदा लई जुना हाय. आणि हे शहर वसवणारा मलिक अंबर तिकडचाच की. लोकांना इसर पडतो."

शनिवारी माळ पुरी होत आली आणि एके ठिकाणी दोन मणी जुळेनात. "इथं एक मणी नाय," त्या म्हणाल्या. मी वाचनालयात जाऊन कपाटं सरकवून झाडलं. काही सापडलं नाही. विश्वजित म्हणाले, "बाजारातला एक घाला ना." मी तो निरोप दिला. द्वारकाबाई म्हणाल्या, "त्याला म्हणावं, मग सगळीच प्लास्टिकची कर." त्या जागी त्यांनी एक गाठ मारली.

रविवारी व्याख्यानाआधी अल्माझनं डोळे मिटून माळेवरून बोटं फिरवली. गाठीपाशी थांबली. हरवला, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण तीच बोलली. तिच्या आजीची बहीण लग्न होऊन सुदानला गेली, तेव्हा आजीनं एक मणी काढून तिला दिला होता. कुठून काढला, ते घरात कुणाला माहीत नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?" तिनं विचारलं. मी मागच्या रांगेकडं बोट दाखवलं. तिथं द्वारकाबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या.

व्याख्यान फार चांगलं झालं. नकाशावर एक रेघ पैठणवरून निघून अक्सुमला पोचत होती. बोलणं संपल्यावर अल्माझनं बाईंना पुढं बोलावलं आणि ती माळ त्यांच्या गळ्यात घातली. पाच पिढ्यांत ती घराबाहेरच्या कुणाच्या गळ्यात पडली नव्हती, असं ती म्हणाली. टाळ्या वाजत होत्या. द्वारकाबाईंची मान ताठ होती. माझीही झाली असावी. अशा बाई आमच्या शहरात राहतात, एवढंच मनात होतं. मग त्यांनी स्वतःच माळ काढून तिच्या हातात ठेवली.

त्यांना रिक्षापर्यंत सोडायला मी गेलो.

"ही रिक्षा पडेगावला जाते. छावणीत थांबवायला सांगा," मी म्हणालो.

"ठाऊक हाय हो मला. तुमी जावा घरी, जेवायची येळ झाली."

"हो, निघतो."