यांकेलची माय झाडीत बोलली

श्रावण मुंगुलमारे यांना एका जागी बसून लिहिता येत नाही. साकोलीत त्यांचं जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. हातात तांब्याची तार असो की पेन, पाय चालूच.

"दादाजी, खुर्ची चावते का तुमाले?" नात प्रतिक्षा विचारते.

"खुर्ची नाही वो, डोस्कं चावते!"

या माणसानं उभं आयुष्य पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीला नाटकं दिली. दिवाळीनंतर मंडई नावाच्या जत्रा भरल्या, की गावोगावच्या मंडपात त्यांच्या नाटकातली आई पदर पसरून रडे, नायक छाती ठोकून गरजे, आणि हे सारं शुद्ध पुस्तकी मराठीत. झाडीबोली यायची ती फक्त विनोदी गड्याच्या तोंडी. तो "काहून जी?" म्हणाला, की मंडपाला हसायचा इशारा मिळे. रिवाजच तो, आणि काय निष्ठेनं पाळला आपण सगळ्यांनी!

मग प्रतिक्षानं एका यिद्दिश लेखकाचं हिंदीत आलेलं चरित्र आणून वाचून दाखवलं. यिद्दिश ही युरोपातल्या ज्यू घरांतली, चुलीपाशची बोली. शिकलेल्यांना तिची लाज वाटे. गंभीर लिहायचं ते हिब्रूत, नाही तर रशियनमध्ये. हा लेखकही आधी तसंच लिहायचा. पुढे बायाबापड्यांना कळावं म्हणून तो घरच्या बोलीकडे वळला, आणि मित्रांनी त्याची टर उडवली.

श्रावणभाऊंची झोप उडाली. धानकापणी आटोपेस्तोवर त्यांनी त्या लेखकावर नाटक उभं केलं. नाटकातल्या लेखकाचं नाव ठेवलं यांकेल. आणि यांकेलची माय झाडीत बोलली, हसवायला नव्हे, रडायला.

नाटक कंपनीचा मालक भुपेंद्र वाचता वाचता उठूनच उभा राहिला. "भाऊ, माय झाडीत रडली का पब्लिक हासते! मंग कॉमेडीवाल्यानं काय करावं?"

"हासू दे."

"आंधळगावच्या मंडईत करून पाहू. हासले, तं दुसऱ्या दिवसापासून मायचे सारे डायलॉग शुद्ध. कबूल?"

"कबूल," श्रावणभाऊ म्हणाले, आणि त्यांचे पाय पुन्हा चालू झाले.

मायचं काम विमलाबाईंकडे होतं. बाई तुमसरच्या. घरात झाडीच बोलायच्या. रंगमंचावर मात्र जन्मभर 'बाळा, हे काय ऐकते मी!' म्हणत आल्या होत्या. तालमीत जीभ पुन्हा पुन्हा तिकडेच वळे. "काय करू, दादा? तोंडाले रंग लागला का तोंड आपोआप शुद्ध होते जी!"

आंधळगावला पडदा उघडला. यांकेल लिहीत बसलेला. विमलाबाई दाराशी आल्या. "यांकेल, काय लिवून रायला रे? मले बी सांग ना."

मंडप हसला. पुढच्या वाक्याला हसू वाढलं, मागून शिट्टी आली. विंगेत भुपेंद्रनं कपाळाला हात लावला. श्रावणभाऊंनी पडद्याची दोरी अशी आवळली, की पडदा खाली येतो की काय!

विमलाबाई थांबल्या. हसणाऱ्या मंडपाकडे त्यांनी शांतपणे पाहून घेतलं. मग यांकेलकडे वळून, कोणी लिहून न दिलेलं वाक्य त्या बोलल्या, "आयकलास का रे? तुहे शिकलेले दोस्त हासून रायले माह्या बोलण्याले. म्हणूनच तू माह्या बोलीत लिवत नाही ना?"

हसू जागच्या जागी तुटलं. पुढे बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. मग माय रडली, आणि तेच पदर डोळ्यांना गेले.

अंक पडताच भुपेंद्र धावत आला. "मायचा एक शब्द बदलायचा नाही! अन् ते वाक्य बी लिवून टाका, भाऊ. उद्या साकोलीले पायजेच."

श्रावणभाऊंनी पेन काढलं, आणि थबकले. "अन् साकोलीचं पब्लिक हासलंच नाही तं? मंग हे वाक्य कोणाले बोलाचं?"

"तं बरंच हाय ना, दादा," घाम टिपत विमलाबाई म्हणाल्या. "मंग मले नुसतं रडाचंच काम राहीन."

श्रावणभाऊंनी ते वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दुसऱ्या अंकाची घंटा झाली, तरी त्यांचं ठरेना.