पिठातला फ्लेमिंगो

माझ्या बहुतेक चुका निस्तरायला दुसरं कोणीतरी धावून आलं. ही एकच चूक मी स्वतः निस्तरायला गेलो आणि आणखी घट्ट बसवून आलो.

मी दहावीत होतो. जानेवारीत दादा गेला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, नुकताच नोकरीला लागलेला, ताप आला म्हणून रिक्षात स्वतः चालत जाऊन बसला आणि सहाव्या दिवशी शिरवणे गावातल्या आमच्या घरी आणला तो चौघांनी. हॉलमध्ये जिथे त्याला ठेवलं होतं तिथे दिवा लागला. त्या दिव्याच्या बरोबर वर भिंतीत एक प्लग होता आणि त्या प्लगमध्ये दादाचा चार्जर.

त्या चार्जरबद्दल थोडं सांगायला हवं. दादा मला त्याचे शर्ट द्यायचा, त्याच्या ताटातलं चिकन द्यायचा, पण चार्जरला हात लावू द्यायचा नाही. मी तीन चार्जरच्या वायरी मुरगाळून मारल्या होत्या, त्यामुळे त्याचं चूक होतं असं नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून त्याचा फोन आला, चार्जर घेऊन ये, बॅटरी चालली. मी गेम खेळत होतो. शिवाय इतक्या वर्षांनी अडवून धरायची पाळी माझी आली होती, ती मला जरा चाखायची होती. मी म्हणालो, संध्याकाळी आणतो. संध्याकाळपर्यंत त्याला आयसीयूत हलवलं होतं आणि तिथे फोन चालत नाही. चार्जर तिथेच भिंतीला राहिला.

आमच्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्याखाली परातीत तांदळाचं पीठ पसरतात, हाताने सारखं करतात आणि दिव्यासकट वर विरळ विणीची टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलं ते बघायचं. माणूस ज्या जन्माला गेला त्याचं पाऊल उमटतं म्हणतात. आत्याने पीठ सारखं केलं, टोपली झाकली, आणि सगळी मोठी माणसं दुसऱ्या दिवसाचं ठरवायला खालच्या अंगणात गेली. मला सांगून गेली, दिव्यावर लक्ष ठेव.

मी लक्ष ठेवलं. पण दिव्याकडे बघितलं की नजर आपोआप वर जायची. नऊ दिवस ते लोंबकळणं बघून माझं डोकं फिरलं होतं. दिव्यात तेल आहे ना ते बघायला मी टोपली उचलली आणि दुसऱ्या हाताने, काय वाटलं कोण जाणे, चार्जर ओढला. तो सुटला आणि सरळ परातीत पडला. दिवा वाचला हे नशीब.

चार्जर उचलला तर पिठात दोन पिनांची दोन भोकं आणि वायरीचा मोठा बाक. मी तो बोटाने सारखा करायला गेलो. बाक आणखी लांब झाला. मग फुंकर मारली, तेव्हा ज्योत आडवी झाली, म्हणून तेही सोडलं. शेवटी टोपली झाकली आणि चार्जर चड्डीच्या खिशात घालून शहाण्यासारखा बसलो.

सकाळी टोपली उघडली. आत्या दिवाळे गावची, तिचं अर्धं आयुष्य मासळीबाजारात गेलेलं, निर्णय पटकन घ्यायची सवय. ती म्हणाली, नाग हाय. आईचा चेहरा पडला. तेवढ्यात मामा वाकला. मामा उरणला कंटेनर यार्डात कामाला, लांबून पुसट नंबर वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने परातीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "नाग कसा? नागाला पाय असतात काय? हे दोन पाय, ही मान. फ्लेमिंगो हाय तो."

आता आमच्या शहरात फ्लेमिंगो कोणाला ओळखू येत नाही? भिंतींवर तो, चौकात तो, आणि हिवाळ्यात खाडीच्या पाणथळीत हजारोंनी तो. सगळ्यांनी परातीत पुन्हा बघितलं आणि सगळ्यांना दिसला. खरं सांगतो, क्षणभर मलाही दिसला. आई दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली. अशा वेळी कोण म्हणेल, थांबा, तो माझ्या खिशात आहे?

त्याच दिवशी माझं डोकं भादरलं. शाळेत गेलो तर मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, टकल्या. मला इतकं बरं वाटलं. पण कोणीतरी त्याच्या कानात कारण सांगितलं आणि तो रडकुंडीला येऊन माझी माफी मागायला लागला. त्यानंतर शाळेत मला कोणी टकल्या म्हणालं नाही, सरांनी गृहपाठ विचारला नाही आणि डब्यातलं सगळ्यांनी मला आधी दिलं. माझी त्यावर तक्रार नव्हती, हीच माझी तक्रार होती. नातेवाईक म्हणायचे, पोरगा दगड आहे, एक थेंब काढला नाही डोळ्यातून. दगडाच्या खिशात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

आणि आई रोज सकाळी पाणथळीवर जायला लागली. बाबांची कामावर पहिली पाळी, त्यामुळे सोबत मी. रिक्षा, मग बांधावरून चालत. तिथे मोठमोठ्या लेन्स लावून बसलेले लोक असायचे. तिसऱ्याच दिवशी आईने हजारांतून एक पक्षी निवडला. सगळा थवा गुलाबी आणि हा एकटा राखाडी, जरा लांब उभा. दादाही कुणाच्याही लग्नाच्या फोटोत असाच कडेला उभा राहायचा. आईने एका फोटोग्राफरला तो कॅमेऱ्यात मोठा करून दाखवायला लावला. बराच वेळ बघून म्हणाली, "बारीक झालाय."

फोटोग्राफर सज्जन होता. म्हणाला, आई, ते पिल्लू आहे, अजून रंग आलेला नाही.

"कसा येईल? दोन आठवडे तर झालेत," आई म्हणाली.

आता सांगा, मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो? पुरावेच माझ्या विरोधात उभे राहत होते, तेही एका पायावर.

खरं म्हणजे मला राग यायला लागला होता. दादा जिवंत असताना आई त्याला दिवसातून चार वेळा शिव्या घालायची, टॉवेल पलंगावर टाकला, लाईट चालू ठेवला. फ्लेमिंगो झाल्यापासून त्याची एकही चूक निघत नव्हती. माझी बोर्डाची परीक्षा आली आणि गेली, आईने मला पेपर कसा गेला ते विचारलं नाही. त्याला मात्र चिखलात खायला मिळतं की नाही याची रोज चौकशी. एका पक्ष्यावर जळणारा दहावीचा मुलगा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मे संपत आला. एका सकाळी थवा निम्म्याने कमी दिसला. फोटोग्राफर म्हणाला, आठवडाभरात सगळे जातील. आईने विचारलं, "सगळे?" तो म्हणाला, बहुतेक. आई बांधावर खाली बसली. तिचा तो पिठासारखा पांढरा चेहरा बघून मला कळलं की आता दादा दुसऱ्यांदा जाणार आणि या वेळी त्याला पाठवणारा मी.

मग मी सगळं सांगितलं. प्लग, परात, दोन पिना, बोटाने केलेली मान. तिच्याकडे न बघता, पाण्याकडे बघत, एका दमात. म्हणालो, तो पक्षी-बिक्षी काही नाही आई, तो चार्जर होता.

मी मार खायच्या तयारीने खांदे आत घेतले.

"चार्जर कोनाचा?" तिने विचारलं.

"दादाचा."

"तो तुला हात लावू द्यायचा नाय."

"नाही."

"मंग," ती म्हणाली, "पाडला कोनी तुझ्या हातातून?"

चार महिने जपलेलं पाप मी कबूल केलं आणि आईने ते हातात घेऊन, उलटून, दादाच्या नावावर लावून टाकलं. वर तिला हसू आलं. तोंडाला पदर लावून ती हसली, म्हणाली, मेल्यावर पन भांडन सोडलं नाय बघ तुमी दोघांनी.

मी म्हणालो, तसं नाही गं. त्याने मागितला होता. मी संध्याकाळी आणतो म्हणालो.

गेम, त्याचा फोन, माझं ते चाखणं, एवढंच सांगायचं राहिलं होतं आणि तेवढंच सांगता येईना.

आईचं हसू थांबलं. तिने हात पुसला, उगाचच, पदराला.

"मी त्याच्या उशाशीच होते तवा," ती म्हणाली. "फोन ठेवल्यावर मीच बोलले त्याला, नको आता चार्जर. झोप गुमान. सारखा फोन कशाला?" मग पदर सोडून म्हणाली, "झोपला तो मंग. माझं ऐकून."

मी दगड होतो तो तिथे फुटला. बांधावर, लोकांसमोर, नाक गळत, अगदी लाज वाटेल असा. आईही रडत होती पण तिचं रडणं माझ्यापेक्षा बरंच नीट होतं. ती मधूनच माझ्या नव्याने आलेल्या केसांतून हात फिरवत होती आणि विचारत होती, गणिताचा पेपर कसा गेला होता रे तुझा? मी हुंदके देत सांगत होतो, दोन गणितं सुटली नाहीत.

फोटोग्राफरला आमची दया आली असावी. कॅमेरा सोडून तो जवळ आला, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "एवढं टेन्शन नका घेऊ हो. डिसेंबरात परत येतात सगळे."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. मग आम्ही दोघांनीही त्याला हो म्हटलं.