हाक न मारण्याचा नेम

धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत माझा आवाज प्रसिद्ध होता. सकाळी सहाला स्वयंपाकघरातून मारलेली हाक चौथ्या घरापर्यंत जायची. मुलीचा डबा, पाण्याची मोटर, आमच्या ह्यांचा न सापडणारा मोजा, सगळ्यांवर एकच इलाज. घर माझ्या आवाजावर चालतं, असं मी मिरवायचे.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. दिवाळीला यायची आणि दोन दिवसांत परत निघायची. एकदा मी जाब विचारला, तर बॅग भरता भरता म्हणाली, "सकाळी तुझा आवाज आला का मले अजूनही पोटात गोळा येते वं आई."

आधी मी भडकले. ती गेल्यावर रडले.

दुसऱ्या दिवसापासून नेम धरला. सकाळी नऊपर्यंत कुणालाही हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर उठून त्या माणसाजवळ जायचं. त्यासाठी अर्धा तास आधी उठायचं आणि पहिला चहा दाराच्या पायरीवर बसून प्यायचा. पहिल्याच दिवशी ह्यांना उठवायला आतल्या खोलीत गेले आणि इकडे दूध उतू गेलं. वर हे विचारतात, "काहून वं, तोंड आलं काय?" जिभेवर आलेलं उत्तर मी चहाबरोबर गिळलं. आठव्या दिवशी शेजारीण दारात. "काकू, तुमचा आवाज बंद झाला अन् आमच्या पोट्ट्यायची शाळा बुडून राहिली!" तिला म्हटलं, गजर लाव.

नेम मोडलाही. उन्हाळ्यात एका सकाळी कूलर भरताना पाइप निसटला, हॉलभर पाणी झालं, तेव्हा मी गल्ली दणाणून सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरी, पुन्हा चहा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी गेली, आणि मी चांगली धडधाकट आहे.

या दिवाळीला मुलगी आली आणि दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंत झोपली. या घरात पहिल्यांदाच. विस्कटलेल्या केसांनी येऊन पायरीवर माझ्याशेजारी बसली, माझ्याच कपातला चहा प्यायली आणि म्हणाली, "आई, तिकीट आठ दिवस पुढं ढकलू काय?"

हे मागच्या अंगणात झाडांना पाणी देत होते. इथूनच ओरडून सांगावंसं इतकं वाटलं, की ओठ घट्ट मिटावे लागले. पण नऊ वाजायचे होते. मी उठले, चपला घातल्या आणि ह्यांच्यापर्यंत चालत गेले.