एलीचा पाठ आणि चुकलेली तिथी

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, लोकांची या शहरात घरं इतकी थोडी, की मी वर्ग घेते म्हणावं तर विद्यार्थी एकच. किस्से मात्र वर्गभर पोरांचे साठलेत! मी रिबका मावशी, निवृत्त शिक्षिका. दर रविवारी सकाळी शेजारच्या बिल्डिंगमधला एली माझ्याकडं हिब्रू शिकायला यायचा. मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाली की आमच्यात बार मित्झवा होतं. सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीतून आपला पाठ वाचायचा. इथं सिनेगॉग नाय, म्हणून पुण्याला जायचं. आणि एलीला चार लोकांत तोंड उघडायची भयंकर भीती! पोरगं तिथं वाचतं की पळून जातं, हाच मला घोर.

सोबत त्याची नऊ वर्षांची बहीण याएल यायची. ती शिकायला नव्हती. घरी एकटी राहत नाही म्हणून यायची आणि फरशीवर बसून चित्रं रंगवायची.

* * *

पहिल्याच दिवशी एली कुरकुरला, "मावशी, उजवीकडून डावीकडं? लई उलटं आहे हे!"

खालच्या मजल्यावरच्या नसीमभाभींचा नातू आरिफ शेवयांचा डबा द्यायला आला होता. तो अरबी शिकतो. त्यानं पुस्तकात डोकावून बघितलं.

"उल्टा किधर है रे? सीधा तो है! उल्टा तो तुम लोगां स्कूल में पढते!"

एलीनं पुन्हा ती तक्रार केली नाही.

* * *

गुंडाळीत काना, मात्रा, वेलांटी असलं काहीच नसतं. नुसती व्यंजनं!

"मग वाचायचं कसं?" एलीनं विचारलं.

"आधी छापील पुस्तकातून पाठ करायचं. मग तिथं बघून वाचायचं."

"म्हणजे शाळेत पाठ करून लिहिलं तर ओरडतात, आणि देवासमोर चालतं?"

मी चहा करायला उठले.

* * *

प्रार्थनेच्या वेळी अंगावर घ्यायच्या झालरीच्या शालीला पिशवी हवी होती. मखमल घ्यायला दोघांना घेऊन औरंगपुऱ्यात गेले. दुकानदार कापड मापता मापता म्हणाले, "काय, मुंज का पोराची?"

"तसंच समजा," मी म्हणाले.

"व्हय का! मग डोकं भादरणार!"

एलीचा हात चटकन केसांवर गेला, तो रिक्षात बसेपर्यंत खाली आला नाही. मी समजावलं, आपल्यात तसलं काही नसतं बाबा.

याएल म्हणाली, "नसलं म्हणून काय झालं मावशी, भादरू या ना!"

* * *

एकदा याएलनं रंगवता रंगवता विचारलं, "मावशी, तुम्ही कोणता पाठ वाचला होता?"

"मी नाय वाचला. आमच्या वेळी बायका वाचत नव्हत्या."

"मग तुम्हाला येतं कसं?"

"माझे वडील माझ्या भावाला शिकवायचे. मी शेजारी भाजी निवडत बसायचे."

"आणि भावाला येतं?"

"आता विसरला तो."

हसू आलं मला, पण जरा लागलंही.

* * *

मुलांचे वडील सॅमसन. शेंद्र्याला एका कंपनीत शिफ्ट इंचार्ज, लई काटेकोर माणूस. त्यानंच मोबाईलवर बघून एलीच्या वाढदिवसाच्या आठवड्याचा पाठ काढून दिला. आठ महिने मी तो घोकून घेतला.

तीन आठवडे राहिले आणि पुण्याहून हजानकाकांचा, म्हणजे तिथं प्रार्थना चालवतात त्यांचा, फोन आला. "मुलाची तिथी कोणती?" सॅमसननं ऐटीत तारीख सांगितली.

"अहो, तारीख कोण विचारतंय? हिब्रू तिथी सांगा!"

हिशेब केला तर शनिवारच वेगळा निघाला. आणि आमच्यात दर शनिवारचा पाठ वेगळा! आठ महिने पोरगं चुकीचा पाठ घोकत होतं. मी एवढी शिक्षिका, पण मलाही विचारायचं सुचलं नाही. नसीमभाभी तर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हमारे यहाँ भी सब चाँद से चलता! मेरे को तो पूछना था!"

"मी येणारच नाही," म्हणून एलीनं गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं. हजानकाका फोनवर म्हणाले, सगळा नवा पाठ राहू द्या, त्यातल्या सात ओळी वाचल्या तरी पुरे. मी दाराला तोंड लावून तसं सांगितलं.

दारापलीकडून आवाज आला. "सातच?"

"सातच!"

"मोठ्या का छोट्या?"

* * *

त्या सात ओळी घोकून पुण्याला एली गुंडाळीसमोर उभा राहिला. आम्ही बायका वरच्या सज्जात. 'देव मोशेशी बोलला' अशी आमच्या कितीतरी पाठांची सुरुवात असते. नव्या पाठाची तशीच, जुन्याचीही तशीच. एलीनं ती ओळ खणखणीत वाचली. मग भीतीनं डोळे मिटले असणार, कारण पुढं तोंडातून आठ महिन्यांचं घोकलेलं सगळं सुरू झालं! समोर एक, तोंडात दुसरंच.

हजानकाका चष्मा सावरत होते, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "एली, ते जुनं!"

सगळ्या माना वर वळल्या. याएल कठड्यावर ओणवी झाली होती. नव्या पाठाची पुढची ओळ तिनं तिथूनच, पुस्तकबिस्तक काही नसताना, म्हणून दाखवली.

हजानकाकांनी गुंडाळीत बघितलं. "बरोबर आहे. एली, पुन्हा वाच."

एलीनं वाचलं. सातही ओळी! मी रडले, सांगायला लाज कसली.

वाचून झालं की मुलावर गोड गोळ्या उधळायची पद्धत आहे. एलीनं वाकून वाकून सगळ्या गोळा केल्या. प्रार्थना संपल्यावर सज्जात आला आणि याएलच्या फ्रॉकमध्ये ओतल्या.

"सगळ्या तुला. पण घरी जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही!"

याएलनं एका गोळीचा कागद काढून ती तोंडात टाकली.

"आणि घरी गेल्यावर?"