नव्या बुटातली पुडी

अमरावतीत ज्या जिममध्ये मी ट्रेनर आहे, तिथे नव्या माणसाची पहिली तपासणी माझ्याकडे असते. आधी एक फॉर्म भरायचा. मग नाडी, रक्तदाब, कमरेचा घेर. त्यानंतर खुर्चीतून उठबस, हात किती वर जातात ते पाहणं, एका पायावर तोल. नीट केली तर अर्धा तास लागतो. गर्दीच्या दिवसांत मी ती दहा मिनिटांत उरकत असे, हे कबूल करायला हवं. आलेल्या माणसालाही घाईच असते. त्याला वजनं उचलायची असतात, फॉर्म भरायचा नसतो.

मार्चमधल्या एका सकाळी गुरुजी आले. वय पासष्टीच्या आसपास. आमच्या भागातल्या निम्म्या घरांच्या पूजा त्यांनी सांगितलेल्या, माझ्या लग्नातली मंगलाष्टकंही त्यांचीच. त्यांना नेहमी धोतरात पाहिलेलं. त्या दिवशी ट्रॅकपँट होती आणि पायात पांढरेशुभ्र बूट, पुण्याच्या मुलाने पाठवलेले. मी हिवरखेडच्या शेतकरी घरातला. गुरुजी दारात दिसले की उठून उभं राहायची सवय. त्यांना खुर्चीत बसवून प्रश्न विचारायचे म्हणजे मलाच अवघडल्यासारखं झालं.

"गुरुजी, शुगर आहे काय?"

"नाही."

"कधी तपासली होती?"

"तपासलीच नाही, तर असेल कशी?"

दोघंही हसलो.

"रात्री लघवीले किती वेळा उठता?"

"तीन-चार वेळा. या वयात सगळेच उठतात, बाबू."

मी आकडा लिहिला. रक्तदाब थोडा वर होता. मग हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांना उठताच आलं नाही. दुसऱ्यांदा गुडघ्यांवर हात रेटून उठले. अर्ध्या मिनिटात पाच वेळा झालं, तेवढ्यात धाप लागली. "काल झोप झाली नाही नीट," ते म्हणाले.

उरला तोल. तो अनवाणी पाहायचा असतो.

"बूट काढायचे? बुटासकटच पाहा ना. वाकणं होत नाही मला."

पुढचा माणूस टॉवेल घेऊन उभा होता. सोडून दिलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण एक गोष्ट मघापासून नजरेला खटकत होती. गुरुजी उभे राहिले की सारखे खाली बघायचे. पाय कुठे पडला ते त्यांना बघून ठरवावं लागत होतं. मी खाली बसलो आणि बुटाची लेस धरली.

"अरे, अरे! तू काहून हात लावून राहिला?"

"लेस सोडतो फक्त, गुरुजी."

उजवा बूट निघाला तसे जमिनीवर चार-दोन पारदर्शक दाणे सांडले. नव्या बुटांच्या खोक्यात ओलावा शोषायला दाण्यांची पुडी येते ना, ती बुटाच्या टोकाशी तशीच राहिली होती, दबून फुटलेली. मोज्याचा अंगठ्याकडचा भाग तपकिरी होऊन कातडीला चिकटला होता. अलगद सोडवला. अंगठ्याखाली रुपयाएवढी कातडी गेलेली.

"किती दिवसांपासून घालून राहिले तुमी हे बूट?"

"परवापासून. काल तर तासभर फिरून आलो. एकदम आरामशीर आहेत. का रे?"

त्यांना वाकून तळवा पाहता येत नव्हता. मी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"हा माझा पाय आहे?"

"हो."

"पण मला तर काहीच होऊन नाही राहिलं."

मी फॉर्म बाजूला ठेवला. "गुरुजी, आज व्यायाम नाही. आधी डॉक्टर."

"मी व्यायामाला आलो. दवाखान्यात जायचं असतं तर तिकडेच गेलो असतो."

"तुमाले काय झालं ते मले सांगता येत नाही, ते माझं काम नाही. पण एवढी जखम दुखत नाही, हे मले बरोबर वाटत नाही."

"म्हणजे नापास केलं तू मला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

जखमेवर स्वच्छ पट्टी बांधली, पुढचा माणूस सोबतच्या ट्रेनरकडे सोपवला आणि गुरुजींना ऑटोत बसवलं.

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या गुरुजी आपणहून बोलू लागले. परतवाड्याला एका घरी मोठी पूजा होती. तीन तास मांडी घालून बसले, आरती झाली आणि उठताच येईना. यजमानाने आणि त्याच्या भावाने काखेत हात घालून उचललं. बाया बघत होत्या. "त्या दिवसापासून मी आमंत्रणं घेणं बंद केलं. कोणाला म्हणतो प्रवास झेपत नाही, कोणाला म्हणतो गावाला चाललो. घरातही खरं सांगितलं नाही. मला वाटलं, तुझ्याकडे महिनाभर येईन, गुडघे सुधारतील आणि कोणाला कळायचं नाही."

मी पाण्याची बाटली पुढे केली.

तोवर फोन करून बोलावलेल्या काकू, गुरुजींच्या पत्नी, आल्या. डॉक्टरांनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि यंत्रावरचा आकडा बघून विचारलं, पायांची आग होत होती का? काकूच बोलल्या, "दोन वर्षं होत होती हो. रात्री ओला फडका ठेवायचे. मग आग थांबली. आम्हाला वाटलं, बरं झालं." डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आग थांबली ती पाय बरे झाले म्हणून नाही, पायांची जाणीव गेली म्हणून. साखर बरीच वाढलेली होती.

जखम भरायला दोन महिने गेले. मी आठवड्यातून एकदा घरी जायचो. पहिल्या दोन खेपांना गुरुजी माझ्याशी फारसे बोलले नाहीत. चहा काकूंनीच दिला. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "बसल्या बसल्या काही करता येतं काय?" डॉक्टरांना विचारून खुर्चीतले व्यायाम सुरू केले. जखम भरल्यावर ते पुन्हा जिममध्ये आले, तेव्हा तपासणी पहिल्यापासून केली. अर्धा तास पुरता घेतला. मांड्यांत ताकद हळूहळू आली. दिवाळीपर्यंत हात न टेकता ते दहा वेळा उठू लागले. पायांची जाणीव मात्र परत आली नाही, आणि जमिनीवर मांडी घालून बसणंही जमलं नाही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग मीच माझ्या भाड्याच्या घरी सत्यनारायण ठेवला. चौरंग टेबलावर मांडला, गुरुजींसाठी स्टूल ठेवलं. शेजारच्या आजोबांनी विचारलंच, "गुरुजी, असं वर बसून चालते काय?"

"देव चौरंगावर, मी स्टुलावर," गुरुजी म्हणाले. "वय दोघांचंही झालं आहे."

सगळे हसले, आजोबाही हसले, आणि पोथी सुरू झाली.

त्यानंतर महिनाभराने त्यांना अकोल्याहून एका वास्तुशांतीचं बोलावणं आलं. एसटीने एकटे गेले. संध्याकाळी फोन आला.

"दोन तास स्टुलावर बसलो. मधे एकदा उठलो, खोलीभर दहा पावलं चाललो, परत बसलो. यजमान म्हणाले, गुरुजी, हा काही विधी आहे काय?"

"मग तुमी काय म्हटलं?"

"म्हटलं, आहे."