लाल दाण्याची वाट

ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीमागच्या आंब्यावर आईने मिरीचा वेल चढवला, तेव्हा मी तिला हसले होते. वेलाचा तुकडा तिने रत्नागिरीकडच्या तिच्या गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला. लग्न होऊन ठाकुर्लीला आली त्याला जन्म लोटला, तरी तिच्या तोंडी 'आमच्याकडे' म्हणजे गावच. ठाकुर्लीला ती नुसतं 'इथे' म्हणायची. वर, इथे काही धरत नाही, असंही म्हणायची.

वेल मात्र धरला. आणि इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, नेमके त्याच वर्षी त्याला पहिल्यांदा हिरवे घोस लोंबले. घरं जानेवारीअखेर रिकामी करायची होती. घोसात एक तरी दाणा लाल झाल्याशिवाय मिरी काढायची नाही, हा आईच्या माहेरचा नियम. आधी काढली तर पोचट होते म्हणे.

"आई, थोडी आधी काढली तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"तो बिल्डर माझ्या डोक्यावर मिरे वाटतोय तेवढं पुरे. तू नको वाटूस."

मग मलाच वेड लागलं. ऑफिसला निघायच्या आधी खाली धावायचं आणि एकेक घोस उलटापालटा करून बघायचा. मोबाइलवर मिरीच्या पदार्थांचे व्हिडिओ सुरू झाले. त्यातला एक शेफ हात उंच करून हातातल्या छोट्या गिरणीतून मिरी भुरभुरवायचा. आई बघायची आणि म्हणायची, "चिमटीने घालायची वस्तू. हा आभाळातून कसली पेरणी करतोय?"

एवढ्यात खालची पानं कमी व्हायला लागली. कीड लागली म्हणून माझा जीव वरखाली. कीड निघाली वरच्या मजल्यावरच्या काकांची. काका साताऱ्याकडचे, मिरीचा वेल त्यांनी कधी पाहिलेला नाही. नागवेलीचं पान समजून रोज जेवणानंतर चुना लावून खात होते.

"वहिनी, पान लई उग्र आहे तुमचं," ते म्हणाले. "पण म्हटलं सोसायटीचंच आहे, वाया कशाला घालवा."

आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवसापासून काकाच वेलाची राखण करू लागले.

जानेवारी संपत आला. सामान बांधून झालं, टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता, आणि घोस हिरवेगार. आई सारखी खिडकीशी जाऊन वेलाकडे बघत होती.

टेम्पोच्या दिवशी सकाळी खालून काकांची हाक आली, "वहिनी, लवकर या. लाल झालाय."

मी अनवाणी धावले, मागून आई गुडघा धरत. वरच्या एका घोसात एकच दाणा, साबुदाण्याएवढा, लालचुटूक. मला चक्क रडू आलं. आईने त्याला हात लावून पाहिला आणि पदर खोचला. काकांनी शिडी धरली, मी चढले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला.

टिटवाळ्याच्या भाड्याच्या घरात मिरी खिडकीतल्या ताटात वाळून काळी झाली. आईने ती खलबत्त्यात कुटून आमसुलाच्या सारात घातली. वासाने नवी शेजारीण दारात आली.

"गावची मिरी वाटतं?"

आई तिच्यासाठी वाटी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही हो. आमच्याकडची आहे. ठाकुर्लीची."