टेस्टिंगभाऊंचं रिकामं गोदाम

टेस्टिंगभाऊंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, बायकोच्या भावावर तर मुळीच नाही. सव्वीस वर्षं त्यांनी साउंडचा धंदा केला. लग्नं, संमेलनं, कंपन्यांच्या सभा, काय वाट्टेल ते. दुसऱ्याने तपासलेला माइकही ते स्वतः पुन्हा ‘माइक टेस्टिंग, माइक टेस्टिंग’ करून बघत. त्यावरून हे नाव पडलं, आणि खरं नाव बायकोशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एका गोष्टीचा मात्र त्यांना भारी अभिमान. कार्यक्रम संपला की चाळीस मिनिटांत हॉल साफ! केबल गुंडाळलेली, स्पीकर टेम्पोत चढवलेले, केबल दाबायला जमिनीला लावलेली टेपसुद्धा नखाने सोलून काढलेली. “आपण येऊन गेलो हे कुणाला कळता कामा नये,” ते म्हणत. यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे त्यांच्या वैऱ्यानेही मान्य केलं असतं.

मग ती साथ आली. माणसांनी जमायचंच नाही, तर ऐकवायचं कुणाला? दोन वर्षं स्पीकर गोदामात चादरीखाली पडून राहिले. मेव्हण्याने आपल्या रंगाच्या दुकानात काउंटरवर उभं राहायला बोलावलं. ते ऐकून भाऊंचा जीव तुटला. आयुष्यभर हजार माणसांना ऐकू जाईल असं केलं, आणि आता रंगाचे डबे मोजायचे?

तेवढ्यात सरकारने योजना काढली. कार्यक्रमांच्या धंद्यातल्या लोकांना पुन्हा उभं राहायला मदत. बायकोने फॉर्म भरला. भाऊंनी तो तीनदा वाचला, उजेडात धरला, मागून पाहिला, आणि मगच सही केली. मिळाली तर धंदा पुन्हा सुरू, नाही तर मेव्हण्याचं दुकान. दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं.

महिन्याने फोनवर निरोप आला. ‘उद्या सकाळी अकराला अधिकारी पाहणीसाठी येतील.’

भाऊंच्या मनात पाल चुकचुकली. “पाहणी कशाला? फॉर्ममध्ये लिहिलंय की सगळं.”

“अहो, सामान आहे की नाही ते बघतील आणि जातील.”

“तू भोळी आहेस. आज बघतील, उद्या कर लावतील, परवा उचलून नेतील. फुकट द्यायला सरकार काय तुझी मावशी आहे?”

“मग करणार काय तुम्ही?”

त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. बायको बँकेत गेली तशी त्यांनी टेम्पो बोलावला आणि सगळं सामान मागच्याच गल्लीत मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये हलवलं. मेव्हण्याचाही भरवसा नाही म्हणून वर स्वतःचं कुलूप ठोकलं. परत येऊन गोदाम झाडलं, फरशी पुसली, जुन्या टेपचे तुकडे सोलले. घड्याळ पाहिलं. बरोब्बर चाळीस मिनिटं. भाऊ दोन वर्षांनी गालातल्या गालात हसले.

बायकोला सकाळी गोदामाचं दार उघडल्यावर कळलं. तिने कपाळावर हात मारला, पण तोवर अधिकारीण दारात उभी होती. चाळिशीची बाई, दमलेली, काखेत फायलींचा गठ्ठा. खुर्ची दिली तर बसली नाही, पाणी दिलं तर मागून अजून घेतलं. भाऊ डोळ्यांत तेल घालून तिचे हात बघत होते. आता काही मागेल, मग मागेल. पाण्याशिवाय तिने काहीच मागितलं नाही.

“सामान कुठे आहे?”

“नातेवाइकाकडे.”

“का हलवलं?”

काय सांगणार? तुम्ही चोर असाल असं वाटलं म्हणून?

“काका, या रस्त्यावरच्या चौघांना मी मंजुरी दिली,” ती म्हणाली. “इथे काही दिसलं असतं तर तुम्हालाही दिली असती. एक केबल तरी? जमिनीवर एखादी खूण?”

भाऊंनी फरशीकडे पाहिलं. लख्ख होती.

“बाई, चाळीस मिनिटं द्या. सगळं लावून दाखवतो. वाजवूनही दाखवतो!”

“नंतर आणलेलं धरता येत नाही. लोक दुसऱ्यांचं मागून आणतात आणि आपलं म्हणून दाखवतात. मी विश्वास तरी कुणावर ठेवायचा?”

हे वाक्य भाऊंनी जन्मभर वापरलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं.

तिने उभ्या उभ्या लिहिलं, ‘जागा रिकामी. व्यवसाय आढळला नाही.’ कागद पुढे केला. “वाचून सही करा.”

बायको त्यांचा चष्मा घेऊन आली. भाऊंनी तो घेतला नाही, आणि न वाचताच सही केली.